आयर्लंडनं चुकीचा शेरीफ काढला

मुंबईचा शेरीफ म्हटलं की आपल्याला दिलीपकुमार आठवतात, गावस्कर आठवतात. वर्षभराचं मानाचं पद, पगार नाही, सत्ता नाही, बाहेरच्या पाहुण्यांचं स्वागत करायचं नाहीतर कुणी मोठा माणूस गेला तर शोकसभा बोलवायची, बास. आयर्लंडमध्ये मात्र शेरीफचं नाव काढलं की लोकांच्या कपाळाला आठ्या पडतात, कारण तिथं शेरीफ म्हणजे थकबाकीचा कागद घेऊन दारात उभा राहणारा, गाडी नाहीतर दुकानातला माल नाहीतर गुरं उचलून नेणारा माणूस, आणि आजी-पणजीच्या गोष्टींमधला शेरीफ तर थेट घराबाहेर काढणारा. दोन्ही पदं इंग्रजांनीच आणलेली, मूळ एकच. मग एवढा फरक का पडला?

माझं मत आधीच सांगून टाकतो. स्वतंत्र झाल्यावर आयर्लंडनं या पदाचा निरुपद्रवी भाग, म्हणजे झगमगाटाचा हाय शेरीफ, १९२६ मध्ये रद्द केला. दुसरा भाग, म्हणजे प्रत्यक्ष जप्ती आणि वसुली, तो त्याच वेळी अगदी बरोबर जागी नेऊन ठेवला, पगारी कोर्ट अधिकाऱ्याकडे. आणि मग पुढच्या साठेक वर्षांत हळूहळू तोच भाग परत टक्केवारीवर काम करणाऱ्या वकिलांकडे सोपवला. मला हे चूक वाटतं. सक्तीची वसुली करणाऱ्याची कमाई वसुलीच्या रकमेवर अवलंबून असणं ही गोष्टच मुळात मध्ययुगातली आहे, आणि ज्या देशानं शेरीफच्या नावानं इतकं सोसलं त्या देशाला तरी हे कळायला हवं होतं.

थोडा इतिहास सांगावा लागेल, त्याशिवाय मुद्दा कळणार नाही. बाराव्या शतकाच्या उत्तरार्धात अँग्लो-नॉर्मन लोक आयर्लंडमध्ये घुसले आणि जिथं जिथं त्यांचा जम बसला तिथं तिथं काउंटी (म्हणजे जिल्हे) पाडून शेरीफ नेमायला लागले, डब्लिनपासून सुरुवात. शेरीफ म्हणजे काउंटीतला राजाचा माणूस. राजाचं येणं गोळा करायचं, कोर्टाचे हुकूम बजावायचे, गरज पडली तर गावची माणसं जमवून हत्यारं घेऊन निघायचं, आणि वर्षातून ठरलेल्या वेळी डब्लिनच्या खजिन्यात जाऊन हिशेब द्यायचा. इंग्लंडमध्ये तर काउंटीचं उत्पन्न शेरीफला सरळ मक्त्यानं द्यायची पद्धत मुरलेली होती, एवढे राजाला भर, वरचे तुझे. आपल्याकडे दुसऱ्या बाजीरावानं शेवटी शेवटी मामलती अशाच बोली लावून मक्त्यानं दिल्या होत्या आणि रयतेचं काय झालं ते आपण शाळेत वाचलंय. मक्तेदार चांगला की वाईट याला फारसा अर्थ नसतो, व्यवस्थाच त्याला पिळायला लावते.

पण आयर्लंडमध्ये शेरीफचा हुकूम सगळीकडे चालत नव्हता हे पण लक्षात घ्या. मोठ्या सरदारांच्या जहागिऱ्या होत्या, तिथं राजाच्या शेरीफला प्रवेश नाही, सरदाराचाच कारभारी सगळं बघणार. टिपरेरीत बटलर घराण्याची अशी जहागीर १७१६ पर्यंत टिकली, आणि तिथल्या चर्चच्या जमिनींसाठी राजाला मध्ययुगात वेगळा शेरीफ ठेवावा लागायचा, एकाच काउंटीत दोन कारभार! आणि गेलिक, म्हणजे मूळच्या आयरिश, सरदारांच्या मुलखात तर शेरीफ नावाचा प्राणीच नव्हता. तो तिथं गेला सोळाव्या शतकात, इंग्लंडच्या ट्यूडर राजवटीनं एकेक मुलूख काउंटी म्हणून आखायला घेतला तेव्हा. शेवटची काउंटी विकलो, १६०६, आणि ती डब्लिनच्या अगदी उंबऱ्यावर बरं का, डोंगरातले लोक ऐकत नव्हते म्हणून एवढा उशीर.

या काळातला एक किस्सा प्रसिद्ध आहे आणि तो खरंच भारी आहे. उत्तरेकडच्या फर्माना (Fermanagh) या मुलखाचा सरदार मॅग्वायर. लॉर्ड डेप्युटी, म्हणजे इंग्लंडच्या राणीचा आयर्लंडमधला प्रतिनिधी, फिट्झविल्यम त्याला म्हणाला की तुझ्या मुलखात शेरीफ पाठवायचाय. मॅग्वायर म्हणाला की पाठवा ना, स्वागत आहे, फक्त त्याचा एरिक किती तेवढं आधी सांगून ठेवा, म्हणजे माझ्या माणसांनी त्याचं मुंडकं उडवलं तर तेवढी रक्कम मला मुलखातून गोळा करून देता येईल. एरिक म्हणजे आयरिश कायद्यातली खुनाची भरपाई, माणसाच्या दर्जाप्रमाणे ठरायची. हे त्यानं धमकी म्हणून म्हटलं की निव्वळ व्यवहार म्हणून, देव जाणे, पण दोन कायदे समोरासमोर उभे राहिले की कसं दिसतं ते या एका उत्तरात आलंय. १५९३ मध्ये कॅप्टन विलिस नावाचा शेरीफ माणसं घेऊन फर्मानात शिरलाच, लुटालूट झाली, मॅग्वायरनं त्याला एका चर्चमध्ये कोंडलं, उत्तरेतला बडा सरदार ह्यू ओ'नील यानं मध्ये पडून सोडवला. आणि त्यातूनच पुढे गेलिक सरदारांचं इंग्रजांविरुद्धचं नऊ वर्षांचं युद्ध पेटलं. एक शेरीफ हे अर्थातच युद्धाचं एकमेव कारण नव्हतं, पण ठिणगी होता.

गेलिक सरदार युद्ध हरल्यावर सगळ्या आयर्लंडभर काउंट्या आणि सगळ्या काउंट्यांना शेरीफ. आणि इथून पदाचे दोन मजले झाले. वरच्या मजल्यावर हाय शेरीफ, दरवर्षी नवा, काउंटीतला एखादा जमीनदार, प्रोटेस्टंट. १७९३ च्या कायद्यानं कॅथलिकांना बऱ्याच गोष्टी मिळाल्या, मत देता आलं, पण शेरीफ आणि सब-शेरीफ ही पदं मुद्दाम वगळली होती, ती १८२९ नंतर उघडी झाली. का वगळली असतील याचा विचार करा! कारण ग्रँड ज्युरीत (काउंटीचा खर्च आणि कर ठरवणाऱ्या समितीत) कोण, खटल्याच्या ज्युरीत कोण, हे शेरीफच्या यादीवर ठरायचं. निवडणूक घेणारा अधिकारी पण तोच. म्हणजे काउंटीचा टॅक्स कोण ठरवणार, फाशी कोण देणार, पार्लमेंटात कोण जाणार, सगळ्या दोऱ्या एका हातात. (फाशीची शिक्षा अमलात आणायची जबाबदारी पण शेरीफचीच होती.) १८४४ मध्ये कॅथलिकांचा पुढारी डॅनिअल ओ'कॉनेल याच्यावर डब्लिनमध्ये खटला चालला तेव्हा ज्युरीच्या यादीतून नावं गळालेली आढळली आणि शेवटी बसलेल्या बारा जणांत एकही कॅथलिक नव्हता, ज्या देशात बहुसंख्य लोक कॅथलिक! लंडनच्या हाउस ऑफ लॉर्ड्सनी नंतर ती शिक्षा रद्द केली. ज्युरी निवडायची शेरीफची मनमानी १८७१ च्या कायद्यानं बरीचशी संपली आणि ग्रँड ज्युरीचा पैशाचा कारभार १८९८ मध्ये निवडून आलेल्या काउंटी कौन्सिलांकडे गेला. म्हणजे विसाव्या शतकात पाऊल टाकेपर्यंत वरच्या मजल्यावर उरला तो मान, तलवार, बग्गी आणि जेवणं.

खालच्या मजल्यावर सब-शेरीफ. बहुतेक वेळा वकील. साहेब दरवर्षी बदलणार पण हा वर्षानुवर्षं तोच, कारण काम यालाच येतं. डिक्री बजावणं, माल जप्त करणं, लिलाव, आणि कुळांना घरातून काढणं. कमाई फीमधून. आयरिश लोकांच्या डोक्यात जो दुष्ट शेरीफ असतो तो खरं तर हा सब-शेरीफ.

आता बेदखलीचं बघा, कारण आयरिश लोकांच्या मनात शेरीफ जो रुतून बसलाय तो यामुळे. बटाट्याच्या मोठ्या दुष्काळानंतर, १८४९ ते १८५४ या सहाच वर्षांत पोलिसांच्या नोंदीप्रमाणे सुमारे अडीच लाख माणसं घरातून कायमची काढली गेली, आणि या फक्त नोंदवलेल्या. पद्धत अशी, जमीनदार कोर्टातून हुकूम आणणार, सब-शेरीफ पोलीस नाहीतर पलटण घेऊन येणार, माणसं आणि सामान बाहेर काढणार, चुलीतला विस्तव विझवणार, आणि ताबा जमीनदाराच्या माणसाच्या हातात देणार. मग पहारी घेतलेले मजूर छप्पर पाडणार, म्हणजे रात्री परत कुणी आत यायला नको. १८४८ च्या एका कायद्यानं नाताळच्या दिवशी, गुड फ्रायडेला आणि रात्रीच्या वेळी घर खाली करायला बंदी घातली, आणि गरिबांच्या मदत अधिकाऱ्याला आधी नोटीस द्यायला लावली. हा कायदा वाचताना मला कायम वाटतं की असं काही लिहून काढायची वेळ येते म्हणजे नाताळच्या दिवशी पण हे प्रकार होत असणार.

सगळ्यात कुप्रसिद्ध म्हणजे डोनेगलमधलं डेरीव्हे, एप्रिल १८६१. जमीनदार जॉन जॉर्ज अडेर. त्याच्या मॅनेजरचा खून झाला, खुनी सापडला नाही, मग यानं ठरवलं की सगळी वस्तीच काढायची. सब-शेरीफ, दोनेकशे पोलीस, पहारीवाले, तीन दिवस काम चाललं, २४४ माणसं बाहेर. पहिलं घर साठीतल्या एका विधवेचं, पोरीबाळींसकट. यातले बरेच जण नंतर मदत समितीच्या पैशानं ऑस्ट्रेलियाला गेले, काही वर्कहाऊसमध्ये, म्हणजे निराधारांच्या सरकारी आश्रयघरात. अडेरनं पुढे त्याच भागात ग्लेनव्हे किल्ला बांधला आणि आज तिथं नॅशनल पार्क आहे, पर्यटक फोटो काढतात. सरकारला हे आवडलं होतं का? नाही, चौकशी झाली, पार्लमेंटात प्रश्न आले. पण कोर्टाचा हुकूम कायदेशीर होता, आणि कायदेशीर हुकूम बजावणं शेरीफला भाग, नाही म्हणायची सोयच नाही. इथं कुणी म्हणेल की मग त्या बिचाऱ्याचा काय दोष. मान्य आहे. पण ज्याला नाही म्हणता येत नाही त्याला निदान प्रत्येक हुकुमामागे फी तरी मिळू नये, नाहीतर गावाला तो हुकमाचा ताबेदार न वाटता धंद्यातला भागीदार वाटणार, आणि तसंच झालं.

१८७९ मध्ये लँड लीग ही कुळांची संघटना निघाली आणि चित्र पालटलं. शेरीफचा लिलाव लावला तर बोली लावायला गावातला माणूस फिरकेना. मेयो काउंटीत जमीनदाराचा एजंट कॅप्टन बॉयकॉट याच्या हाताखालच्या कुळांना नोटिसा द्यायला गेलेल्या माणसाला बायकांनी चिखल, शेण मारून पळवलं, पुढे याच बॉयकॉटच्या नावावरून बहिष्कारासाठीचा शब्द जगभर गेला. १८८७ मध्ये क्लेअरच्या बोडाइकमध्ये तर लोकांनी घरांची दारं दगड-लाकडांनी बंद केली आणि आतून उकळतं पाणी फेकलं, मधमाश्यांची पोळी फेकली, लँड लीगचा नेता मायकल डेविट स्वतः तिथं हजर. पुढच्या वर्षी किलरशमध्ये शेरीफसोबत भिंती फोडायचा ओंडका आला, तिकाटण्यावर टांगलेला, त्याचे फोटो आजही मिळतात. हे फोटो म्हणजे शेरीफच्या पदाची कायमची बदनामी, त्यातून ते पद पुन्हा वर आलंच नाही.

म्हणून १९२२ मध्ये स्वतंत्र झाल्यावर नव्या सरकारनं पहिल्याच धडाक्यात शेरीफ मोडीत काढला असेल असं वाटतं ना? उलट झालं. यादवी युद्ध चालू, लोक भाडं देईनात, कर्ज देईनात, जमिनी बळकावलेल्या, कोर्टाच्या डिक्र्या पडून. गृहखातं सांभाळणारा केव्हिन ओ'हिगिन्स, जो स्वतः काल-परवापर्यंत ब्रिटिशांविरुद्ध लढत होता, तो डॉलमध्ये, म्हणजे आयरिश संसदेत, उभा राहून म्हणाला की बेलिफ (प्रत्यक्ष जप्ती करणारा माणूस) काम करेनासा झाला की समजायचं संस्कृती ढासळायला लागली, ती पहिली खूण. १९२३ मध्ये अंडर-शेरीफांना (म्हणजे सब-शेरीफांनाच) जादा अधिकार देणारा खास कायदा केला, आणि त्याच वर्षी गावाकडची बंडाळी मोडायला लष्कराची एक वेगळी तुकडी पण फिरत होती. ओ'हिगिन्सवर खूप टीका होते, पण मला त्याचं म्हणणं अर्धं पटतं. कोर्टाचा निकाल जर कुणी बजावतच नसेल तर तो निकाल गरिबाच्या पण कामाचा नाही, मजुराची थकलेली मजुरी असो, बाईची पोटगी असो, ती पण शेवटी याच वाटेनं वसूल होते. वसुलीवाला असायलाच हवा. तो कोण असावा आणि त्याचं पोट कशावर चालावं, एवढाच प्रश्न आहे.

आणि १९२६ च्या कोर्ट ऑफिसर्स अ‍ॅक्टनं याचं उत्तर छान दिलं होतं. हाय शेरीफ रद्द. अंडर-शेरीफ जसजसे निवृत्त होतील नाहीतर मरतील तसतसं त्यांचं काम काउंटी रजिस्ट्रारकडे, म्हणजे कोर्टाच्या पगारी अधिकाऱ्याकडे. कुणाला घालवलं नाही, कुणाची खुर्ची एका दिवसात ओढली नाही, वीसेक वर्षांत आपोआप बदल. सातशे वर्षांच्या मक्त्याच्या पद्धतीचा शेवट असा एका साध्या कलमानं होत होता, आणि त्याबद्दल कुणी ढोल पण वाजवले नाहीत.

पण नुसता माणूस बदलून भागत नाही हे १९३४ मध्ये दिसलं. सरकारप्रमुख डी व्हॅलेरानं ब्रिटनला जमिनीचे हप्ते (शेतकऱ्यांनी ब्रिटिश कर्जावर जमिनी विकत घेतल्या होत्या, त्या कर्जाचे) पाठवायचं थांबवलं, ब्रिटननं आयरिश गुरांवर जबर कर लावला, गुरांचे भाव पडले, आणि आयरिश सरकारनं हप्ते निम्मे केले तरी उरलेले निम्मे स्वतःच्या तिजोरीसाठी वसूल करायला घेतले. १९३३ च्या लँड अ‍ॅक्टनं लँड कमिशनला, म्हणजे हे हप्ते गोळा करणाऱ्या सरकारी खात्याला, कोर्टात न जाता थेट वसुलीचं वॉरंट काढायची सोय करून दिलेली. १३ ऑगस्ट १९३४ ला कॉर्कमध्ये मार्शेस यार्ड नावाच्या गुरांच्या आवारात जप्त गुरांचा शेरीफचा लिलाव, बाहेर हजारोंची गर्दी, एक लॉरी फाटक तोडून आत घुसली आणि पोलिसांनी गोळ्या झाडल्या. मायकल लिंच नावाचा १५ वर्षांचा पोरगा गेला. वडील हायकोर्टात गेले आणि कोर्टानं गोळीबार समर्थनीय नव्हता असा निकाल देऊन भरपाई द्यायला लावली. लंडनच्या नाही, डब्लिनच्या सरकारचा शेरीफ, आयरिश लोकांचं स्वतःचंच सरकार, स्वतःचेच पोलीस. परक्या राजवटीमुळे शेरीफ क्रूर होता आणि ती गेल्यावर सगळं ठीक झालं, ही जी सोपी गोष्ट आयर्लंडमध्ये सांगितली जाते (आणि अशा गोष्टी आपण पण सांगतोच) ती या एका आवारात संपते.

यातून सरकारनं काय शिकावं? की कोर्टाला वळसा घालून जप्ती करू नये, आणि वसुली पगारी माणसाकडेच राहू द्यावी. शिकलं काय तर दोन्ही उलटं. १९४५ मध्ये नवा कोर्ट ऑफिसर्स अ‍ॅक्ट आला, डब्लिन शहर, डब्लिन काउंटी, कॉर्क शहर, कॉर्क काउंटी अशा चार ठिकाणी शेरीफ पुन्हा सुरू, सरकारनं नेमलेला पण कमाई मुख्यतः फीमधून, स्वतःचं ऑफिस, स्वतःचे बेलिफ. (गंमत म्हणजे या चौघांकडे लोकसभेसारख्या निवडणुकांची मतमोजणी पण आहे, बाकी देशात ते काम काउंटी रजिस्ट्रार करतो. म्हणजे रात्री टीव्हीवर निकाल वाचून दाखवणारा माणूस सकाळी तुमचं फर्निचर न्यायला येऊ शकतो.) आणि मग १९८० च्या दशकाच्या शेवटी बाकी देशभरासाठी रेव्हेन्यू शेरीफ, टॅक्सच्या थकबाकीसाठी. आज सगळे धरून १६ पदं. शेरीफ व्हायचं तर साधारण बॅरिस्टर नाहीतर सॉलिसिटर हवा, पाच वर्षांच्या अनुभवाचा. टॅक्स खात्याचा कलेक्टर-जनरल एक सर्टिफिकेट काढतो, कोर्टात जायची गरज नाही, ते सर्टिफिकेट म्हणजेच वॉरंट, आणि शेरीफ वसुलीला निघतो. टॅक्सच्या वर शेरीफची ठरलेली टक्केवारी आणि खर्च, तो पण थकबाकीदारानंच द्यायचा.

आता याच्या बाजूनं जे बोलतात त्यांचं म्हणणं हलकं नाहीये, ते नीट ऐकायला पाहिजे. सत्तरच्या दशकात आयर्लंडमध्ये पगारदार माणसाचा टॅक्स पगार हातात यायच्या आधीच कापला जायचा आणि धंदेवाले, शेतकरी, व्यावसायिक आरामात वर्षानुवर्षं थकवायचे. १९७९ आणि १९८० मध्ये यावरून लाखो लोक रस्त्यावर आले, देशाच्या इतिहासातले सगळ्यात मोठे मोर्चे. आणि काउंटी रजिस्ट्रारच्या ऑफिसात वसुलीचे कागद धूळ खात पडलेले, कारण त्याच्याकडे माणसं नाहीत, कोर्टाची दहा कामं आहेत, आणि वसूल झालं काय न झालं काय त्याच्या पगारात फरक नाही. म्हणून टक्केवारीवाला आणला. आणि फरक पडला, खोटं कशाला बोलायचं. १९८८ मध्ये सरकारनं टॅक्स माफीची योजना काढली, ३ कोटी पौंड येतील असा अंदाज होता, आले ५० कोटी. ते काही लोकांना एकदम देशप्रेमाचं भरतं आलं म्हणून नाही, मुदत संपली की मागे शेरीफ उभा आहे हे दिसत होतं.

पण यातून टक्केवारी सिद्ध होते का? माझ्या मते यातून एवढंच सिद्ध होतं की रजिस्ट्रारला माणसं आणि साधनं दिली नव्हती. आधी पगारी ऑफिस उपाशी ठेवायचं, मग ते काम करत नाही म्हणून ओरडायचं, आणि मग तेच काम कमिशनवर बाहेर द्यायचं, हा प्रकार आपण महापालिकेच्या कचऱ्यापासून सरकारी दवाखान्याच्या लॅबपर्यंत इतक्या वेळा पाहिलाय की आयर्लंडचं वाचताना अनोळखी वाटतच नाही. आणि टक्केवारीचा गुण म्हणजेच तिचा दोष आहे. मोठ्या थकबाकीदारावर ती जोरात चालते पण छोट्यावर पण तेवढ्याच जोरात चालते, ज्याचा धंदा बुडालाय आणि ज्याच्याकडे उचलून नेण्यासारखी एक व्हॅन तेवढी उरलीय त्याला दोन महिने दम द्यावा की व्हॅन उचलावी हे ठरवणाऱ्याच्या स्वतःच्या खिशाचा त्या निर्णयाशी संबंध असूच नये. बहुतेक शेरीफ समजूतदार असतील, हप्ते पण बांधून देतात. पण माणसाच्या समजूतदारपणावर कायदा टेकवायचा नसतो.

आणि दुसरा रस्ता होता, तो पण लांब कुठे नाही, त्याच बेटावर. उत्तर आयर्लंडनं १९६९ मध्ये कायदा केला आणि १९७१ पासून निकाल बजावणीचं एक स्वतंत्र सरकारी ऑफिस सुरू केलं. वसुलीचं काम अंडर-शेरीफांकडून गेलं. सगळ्या घेणेकऱ्यांनी एकाच दारात जायचं, ऑफिस आधी ऋणकोची परिस्थिती तपासणार, घर कुणाचं, पगार किती, आणखी कुणाकुणाचं देणं आहे, आणि मग ठरवणार की हप्ते लावायचे, पगारातून कापायचं, जमिनीवर बोजा चढवायचा की माल जप्त करायचा. काहीच निघण्यासारखं नसेल तर तसं सर्टिफिकेट देऊन मोकळं. आणि हाय शेरीफ? तो तिथं आहे अजून! सहा काउंट्या आणि बेलफास्ट, डेरी ही दोन शहरं, मिळून आठ, समारंभाला जातात, बक्षिसं देतात, कुणाला काही त्रास नाही. म्हणजे ब्रिटिशांकडे राहिलेल्या तुकड्यानं शेरीफचं ओझं काढलं आणि शोभा ठेवली, आणि स्वतंत्र झालेल्या तुकड्यानं शोभा काढली आणि ओझं परत डोक्यावर घेतलं. मुंबईचं पण बघा, वर मानाचा शेरीफ, आणि हायकोर्टाच्या शेरीफ ऑफिसातली समन्स, जप्ती, बंदरातल्या जहाजाला अटक करायचं वॉरंट ही खरी कामं पगारी कर्मचारी करतात. मला आयरिश राष्ट्रवाद्यांना चिडवायचं नाहीये, पण चिन्हं बदलण्यात राज्यकर्त्यांना जेवढा रस असतो तेवढा यंत्रणा बदलण्यात नसतो, हे यात दिसतं खरं.

उत्तरेकडचं ऑफिस काही स्वर्ग नाही. हळू चालतं, घेणेकऱ्याला आधी फी भरावी लागते, मग हाती काही येईलच असं नाही, वकील लोक कुरकुर करतात. पण ती कुरकुर सरकारकडे करता येते, आमदाराला विचारता येतं, आकडे मागता येतात. दक्षिणेत शेरीफ धड सरकारी नोकर नाही धड खासगी नाही, त्याची तक्रार कुठे करायची इथूनच सुरुवात. आयर्लंडच्या कायदा सुधारणा आयोगानं १९८८ मध्येच शेरीफच्या कायद्यावर अख्खा रिपोर्ट दिला, २०१० मध्ये कर्जवसुलीवर परत दिला आणि एका मध्यवर्ती बजावणी ऑफिसची शिफारस केली, उत्तरेचं उदाहरण समोर ठेवून. रिपोर्ट कपाटात.

काही जण म्हणतात की शेरीफ हे प्रकरणच बंद करा, ही सरंजामी घाण कशाला. हे मला त्याहून धोक्याचं वाटतं. सप्टेंबर २०१८ मध्ये डब्लिनच्या नॉर्थ फ्रेडरिक स्ट्रीटवर एका रिकाम्या इमारतीत घरांसाठी आंदोलन करणारी पोरं बसली होती, त्यांना काढायला तोंडं झाकलेली खासगी माणसं आली, पुढची नंबरप्लेट नसलेल्या व्हॅनमधून, आणि पोलीस बाजूला उभे. कोर्टाचा आदेश होता, पण बजावणारे कोण, कुठले, त्यांच्यावर जबाबदारी कुणाची, काही पत्ता नाही. त्याच डिसेंबरमध्ये रॉसकॉमनमध्ये स्ट्रोक्सटाऊनजवळ एका शेतकरी कुटुंबाला असंच खासगी सिक्युरिटीवाल्यांनी बाहेर काढलं, त्याचा व्हिडिओ फिरला, आणि पाच दिवसांनी रात्री एका टोळीनं तिथल्या गार्डांना मारलं, गाड्या जाळल्या. मग २०२१ मध्ये अशा माणसांना लायसन्स लावणारा कायदा आला. म्हणजे शेरीफला नाव ठेवून वसुली थांबत नाही, ती बिननावाच्या माणसाकडे जाते. आपल्याकडच्या बँकांच्या वसुली एजंटांचा ज्यांना फोन आलाय त्यांना हे वेगळं सांगायला नको, रिझर्व्ह बँकेचे नियम कितीही असोत, फोनवरच्या माणसाला त्याच्या कमिशनचीच काळजी असते. कोर्टाचा बेलिफ त्याच्यापुढे परवडला, निदान त्याच्याकडे हुकूम असतो, त्याचं नाव असतं आणि वरती न्यायाधीश असतो.

म्हणून माझं म्हणणं शेरीफ काढा असं नाही. तो ठेवा, नाव पण ठेवा हवं तर, पण त्याला महिन्याचा पगार द्या, पुरेशी माणसं द्या, जप्तीच्या आधी ऋणकोची परिस्थिती तपासायचं बंधन घाला, आणि टॅक्स खात्याच्या सर्टिफिकेटवर एखाद्या न्यायिक अधिकाऱ्याची सही लागू दे, घाईच्या केसमध्ये एका दिवसात मिळेल अशी. टॅक्स बुडवणारे मोकाट सुटतील ही भीती खरी असती तर उत्तरेत कुणीच देणं दिलं नसतं.

डोनेगलमध्ये लिफर्ड आणि टायरोनमध्ये स्ट्रबेन, मध्ये एक नदी आणि एक पूल, लोक रोज कामाला, बाजाराला इकडून तिकडे जातात. एकाच माणसाचं दोन्हीकडे दुकान असेल आणि दोन्ही दुकानांवर सारखीच थकबाकी असेल, तर पुलाच्या एका टोकाला आधी त्याची मिळकत-खर्चाची चौकशी होणार आणि दुसऱ्या टोकाला आधी शेरीफचं पत्र येणार, त्यात मूळ थकबाकीवर टक्केवारी लावलेली. डब्लिनमध्ये हा फरक मिटवायला नवं काही शोधायची पण गरज नाही, १९२६ चं कलम आणि २०१० चा रिपोर्ट एकत्र ठेवले तरी अर्धं विधेयक तयार आहे.